पहिला पेला तक्रार करणाऱ्याचा

श्री. इनास घोन्सालवीस यांची आणि माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. मुलाखत वसईजवळच्या गिरीज गावात, त्यांच्या वाडीतल्या कौलारू शेडमध्ये होती. एके काळी त्या शेडमध्ये त्यांच्या आई सुकेळी बांधत असत. सोललेली केळी उन्हात वाळवून त्यांच्या गड्ड्या बांधायच्या, हे त्या घराचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. आता तिथे बिअर उकळण्याची दोन भांडी, आंबवण्याच्या टाक्या आणि एक लांब लाकडी टेबल होतं. मी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन एका औषध कंपनीच्या किण्वन विभागात काम करत होते. प्रमाणपत्रांची फाइल बरोबर नेली होती. ती कोणी उघडली नाही.

त्या दिवशी शनिवार होता आणि टेबलाभोवती नेहमीची मंडळी बसली होती. इनासकाकांनी माझ्यासमोर एक पेला ठेवला आणि कशी आहे, एवढंच विचारलं. मी वास घेतला, एक घोट घेतला आणि सांगितलं की, हिला लोण्याचा वास येतो आहे. यीस्टला तिचं काम पुरं करू न देता टाकी लवकर थंड केली की असं होतं. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले. बोळिंजचे श्री. सावंत, बँकेतून निवृत्त झालेले आणि या मंडळींचे स्वयंघोषित प्रवक्ते, म्हणाले, "मॅडम, लोणी म्हणजे वाईट कधीपासून? पाव मागवू का?"

सगळे हसले. इनासकाका हसले नाहीत. टाकी आणखी किती दिवस ठेवायला हवी होती, असं त्यांनी मला विचारलं. यीस्टची अवस्था पाहिल्याशिवाय मी ते सांगू शकत नाही, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "सोमवारपासून ये."

पुढची बिअर तयार झाली तेव्हा तिचा पहिला पेला त्यांनी माझ्या हातात दिला. हा इथला रिवाज आहे, हे मला तेव्हा कळलं. नव्या बिअरचा पहिला पेला मालक घेत नाही, पाहुणाही घेत नाही. मागच्या बिअरमध्ये ज्याने खोट काढली असेल, त्याचा तो मान. एखादा बोलायला भिडस्त असला, तर इनासकाका त्याच्याजवळ जाऊन बसतात आणि बोलतं करतात. गप्प राहून पेला अर्धा टाकून जाणारा माणूस त्यांना अजिबात आवडत नाही.

इनासकाकांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांना त्यांचा पूर्ववृत्तान्त ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तारापूरच्या बाजूला एका कारखान्यात त्यांनी यंत्रदुरुस्तीचे अभियंता म्हणून उमेदीची वर्षं काढली. निवृत्तीनंतर वाडीत परतले. घरी नाताळसाठी जांभळाची वाइन करण्याची पद्धत होतीच. त्यातून ते बिअरकडे वळले. परवाना मिळवायला लागलेला काळ आणि खेटे यांबद्दल ते बोलत नाहीत, त्यामुळे मलाही सांगता येणार नाही. गावातले काही लोक या जागेला 'भट्टी' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं. इनासकाकांनी तोच शब्द दारावरच्या पाटीवर रंगवून घेतला.

माझ्या घरच्यांनाही तो शब्द पसंत नव्हता. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. वडील सरकारी नोकरीत, आई शिक्षिका. मुलगी बिअरच्या ठिकाणी काम करते, हे नातेवाइकांना कसं सांगायचं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि ते तो प्रश्न माझ्यापुढे रोज मांडत होते. मी इनासकाकांजवळ याची वाच्यता केली नव्हती. तरी एका रविवारी दुपारी ते आणि लुसीकाकू आमच्या बोळिंजच्या घरी आले. हातात सुकेळीची गड्डी होती. आईने चहा केला. बराच वेळ केळीच्या जातींवर बोलणं चाललं होतं. मग वडिलांनी विचारलं की, मुलीला तिथे नेमकं काम काय असतं? इनासकाका म्हणाले, "नाही म्हणायचं काम असतं. आमच्याकडे हो म्हणणारे पुष्कळ आहेत. नाही म्हणायला कोणी नव्हतं, म्हणून स्नेहलला ठेवलंय."

वडिलांनी गड्डी सोडून एक तुकडा तोंडात टाकला. आईने सुकेळी कशी साठवायची, ते लुसीकाकूंना विचारून घेतलं. घरातला तो विषय तिथे संपला.

आता मुख्य घटनेकडे येते. गौरवग्रंथात अशा गोष्टी लिहू नयेत, अशी सूचना मला संपादकांकडून आली होती. मी ती इनासकाकांच्या कानावर घातली. ते म्हणाले की, ती गोष्ट वगळणार असशील, तर लेखच देऊ नकोस. म्हणून लिहिते आहे.

वसईच्या जुन्या वाड्यांमध्ये विहिरीशेजारी बहुधा एक तळं असतं. त्याला बावखल म्हणतात. पावसाचं पाणी त्यात साठतं, सावकाश जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. समुद्र जवळ असूनही इथे केळी आणि पानवेली होतात, त्याचं हे एक कारण. इनासकाकांच्या वाडीतही बावखल होतं. ते अर्धं त्यांच्या बाजूला आणि अर्धं शेजारच्या मोनिकाबायच्या कुंपणाला टेकलेलं. भट्टीची सगळी बिअर त्या बावखलाशेजारच्या विहिरीच्या पाण्यावर होत असे. इनासकाका ते अभिमानाने सांगत.

माझ्या नोकरीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत शनिवारची गर्दी वाढली. विरार, नालासोपारा, बोळिंज इथून कुटुंबं येऊ लागली, मुंबईहूनही येऊ लागली. गाड्या गल्लीत लागायच्या, वाडीवाल्यांच्या भाजीच्या टेम्पोला वाट राहायची नाही आणि भांडणं व्हायची. लोकांची गैरसोय होते, असं मंडळींनी पुन्हा पुन्हा सांगितलं. इनासकाकांना ती तक्रार वाटली आणि तक्रार त्यांनी कधी टाळली नाही. त्यांनी बावखल भरून घेतलं. एका पाडलेल्या इमारतीचा राडारोडा आणून टाकला, वर मुरूम पसरला आणि गाड्यांची सोय केली. मंडळी खूश झाली.

मोनिकाबाय तेव्हा कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या नात्याने इनासकाकांच्या दूरच्या चुलती आहेत, वयानेही मोठ्या. एकट्या राहतात आणि केळीची वाडी स्वतः बघतात. त्या दोघांचं बोलणं घरच्या बोलीत होतं. ती बोली मला अजून नीट येत नाही, म्हणून इथे आणि पुढेही मी त्यांचे शब्द प्रमाण मराठीत देते. त्या म्हणाल्या होत्या, "इनास, गाड्या पाणी पीत नाहीत. केळी पितात."

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यातले क्षार वाढू लागले. मी दर आठवड्याला पाणी तपासते; आकडे मी इनासकाकांना दाखवले. उन्हाळ्यात थोडी वाढ होतेच, पावसाळ्यापर्यंत थांबू, असं आमचं ठरलं. पावसाळा झाला. आकडे खाली आले नाहीत.

मात्र त्याच सुमारास भट्टीची बिअर फार नावाजली जाऊ लागली. याचं स्पष्टीकरण सोपं आहे. पाण्यात क्लोराइड थोडं वाढलं की बिअर तोंडात भरीव लागते, मॉल्टचा गोडवा पुढे येतो. सावंत म्हणायचे की, काकांच्या हाताला आता खरी चव आली. लोक मित्रांना घेऊन यायचे. नेहमी कुरकुरणारेसुद्धा रिकामा पेला पुढे करायचे. आणि त्या हिवाळ्यात भट्टीत एक अडचण निर्माण झाली, जी आधी कधी आली नव्हती. नवी बिअर तयार होती आणि पहिला पेला कोणाला द्यायचा, ते ठरेना. मागच्या बिअरबद्दल तक्रार करणारं कोणीच नव्हतं.

सावंतांनी सुचवलं की, या वेळी काकांनीच घ्यावा, त्यांनी तो कमावला आहे. टाळ्या वाजल्या. इनासकाका पेला हातात धरून उभे होते. मी त्यांच्या शेजारी होते आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्यावर समाधान नव्हतं.

तेवढ्यात मोनिकाबाय आत आल्या. त्या यापूर्वी कधी भट्टीत आलेल्या नव्हत्या. त्यांच्या हातात केळीचं एक पान होतं. त्यांनी ते टेबलावर, पेल्यांच्या मधोमध पसरलं. पानाच्या कडा तपकिरी पडून कुरकुरीत झाल्या होत्या. खारं पाणी मुळांना लागलं की केळीची पानं अशी कडेने करपतात. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. इनासकाकांना एवढंच म्हणाल्या, "सगळी वाडी अशी आहे. येऊन बघ."

इनासकाकांनी हातातला पेला त्यांच्यासमोर ठेवला. मोनिकाबायनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला हे नको. मला पाणी पाहिजे."

ते त्यांच्याबरोबर वाडीत गेले. परत आले तेव्हा तासभर उलटून गेला होता आणि मंडळी जरा ओशाळून बसली होती. इनासकाकांनी मला सगळ्यांसमोर आकडे वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले. बिअरची चव का सुधारली, तेही सांगितलं. मग ते म्हणाले, "तुम्ही जिला चांगली म्हणत होता, ती बिअर म्हणजे माझ्या विहिरीचा आजार होता. बावखल मोकळं होऊन पाणी गोड होईपर्यंत भट्टी बंद."

त्या वेळी त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हृदयाच्या तपासण्या चालू होत्या. अशा वयात बंद केलेली भट्टी पुन्हा पेटेल, याची खात्री कोणीच देऊ शकत नव्हतं, मीही नाही. एकदा जमिनीत शिरलेलं खारं पाणी मागे हटायला किती पावसाळे घेईल, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं आणि ते मी तसंच सांगितलं. टँकरच्या पाण्यावर काम चालू ठेवता आलं असतं. क्षार काढण्याचं यंत्र बसवता आलं असतं. दोन्ही गोष्टी मी त्यांच्यापुढे ठेवल्या, कारण ते माझं काम होतं. ते म्हणाले की, यंत्र माझं पाणी गोड करेल, मोनिकाबायचं नाही.

पुढच्या शनिवारी जे घडलं, ते फक्त या मंडळींच्याच हातून घडू शकतं. भट्टीला पाणी हवं आहे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. प्रत्येक जण घरून पाण्याचे कॅन घेऊन आला. शेजारच्या गास गावाहून विहिरीचं पाणी आलं, कोणी इमारतीच्या नळाचं आणलं, एका बाईंनी गाळणीयंत्राचं पाणी बाटल्यांत भरून आणलं. बावखलाच्या जागी गाड्या लावून, त्याच मुरमावरून ते कॅन उचलून आणत होते. प्रत्येक पाणी वेगळं असल्यामुळे बिअरसाठी ते निरुपयोगी होतं. मी तसं सांगायला पुढे झाले, पण इनासकाकांनी मला खुणेनं थांबवलं.

त्यांनी सावंतांच्या कॅनवर हात ठेवून पाणी कुठलं, असं विचारलं. सावंत म्हणाले, सोसायटीच्या टाकीचं, टँकरने येतं. टँकर कुठे भरतो? ते सावंतांना ठाऊक नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे टँकरवाल्याला फोन लावला. बोलणं लांबलं नाही. फोन ठेवून सावंतांनी आपला कॅन मागे ओढला.

"काका, तो इथेच भरतो," ते म्हणाले. "तुमच्या मागच्या गल्लीतल्या विहिरीवर."

विहिरी खाऱ्या होण्यात टँकरचा वाटा किती आणि बावखल बुजवल्याचा किती, हे माझ्याजवळच्या मोजमापांवरून सांगता येत नाही. तसा दावा मी तेव्हा केला नाही, आताही करत नाही. पण त्या दुपारी कोणाला हिशेब नको होता. इनासकाका सावंतांना रागावले नाहीत. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सावंतसाहेब, तुम्ही पाणी नेलंत, मी तळं बुजवलं. आता दोघं मिळून उचलू." आणि त्यांनी कॅनला हात घातला.

कोणतं पाणी केळीला चालेल, ते मी क्षार मोजायचा मीटर लावून बाजूला काढलं. मंडळींनी ते कुंपणापलीकडे नेऊन केळीच्या आळ्यांत ओतलं. मोनिकाबाय पाहत होत्या. आभार मानण्याऐवजी त्यांनी विचारलं, "आणि उद्या?"

उद्याचं उत्तर म्हणजे बावखल पुन्हा खणणं. मोठा राडारोडा यंत्राने निघाला. तळाचा थर मात्र हाताने काढावा लागला. यंत्राच्या वजनाने तळ दाबला गेला असता तर पाणी मुरलं नसतं. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की गावातले काही लोक यायचे, बोळिंजहून सावंत आणि त्यांचे दोन-तीन शेजारी यायचे. घमेल्यांची रांग लागायची. सगळे शनिवारवाले आले नाहीत. बरेच जण दुसरीकडे जाऊ लागले आणि ते स्वाभाविक होतं. ज्यांनी एके काळी 'भट्टी' हा शब्द तुच्छतेने वापरला होता, त्यांच्यापैकी काही जण मात्र फावडी घेऊन आले. लुसीकाकू सगळ्यांसाठी पेज करायच्या. सावंतांच्या तळहातांना फोड आले, तेव्हा मोनिकाबाय त्यांना म्हणाल्या की, बँकेत नोटा मोजताना इतकं दुखलं नसेल. सावंतांनी ते वाक्य पुढे कित्येक दिवस स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

बंदच्या काळात इनासकाकांनी मला दुसरी नोकरी बघायला सांगितलं. पुण्यातल्या एका ठिकाणी त्यांनी माझ्यासाठी स्वतः शब्दही टाकला. तिथून बोलावणं आलं. मी गेले नाही. कारणं इथे देण्याची आवश्यकता नाही. त्या दिवसांत त्यांनी मला आसपासच्या वाड्यांतल्या विहिरींचं पाणी मोफत तपासून द्यायला लावलं. ते माझ्याबरोबर पायी यायचे, चढ लागला की थांबायचे आणि थांबण्याचं निमित्त म्हणून समोरच्या वाडीवाल्याशी बोलायला लागायचे. त्या बोलण्यांतून आणखी दोन बावखलं बुजता बुजता वाचली.

पहिल्या पावसाळ्याने फारसा फरक पडला नाही. त्या दिवाळीत इनासकाका मला थकलेले दिसले. भट्टीच्या टाक्या ते रोज पुसायचे, रिकाम्या असल्या तरी. मी एकदा त्यांना विचारलं की, पुन्हा सुरू करता आलंच नाही तर? ते म्हणाले, "तर सुकेळी बांधू. शेड त्यासाठीच बांधलेली आहे." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण त्यांनी ज्या टाकीवर फडकं फिरवलं, तिच्यावर ते त्या दिवशी पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर बावखल काठोकाठ भरलं आणि विहिरीचे आकडे खाली येऊ लागले. एक दिवस ते आम्ही ठरवलेल्या मर्यादेच्या आत आले. मी इनासकाकांना सांगितलं की, माझ्या बाजूने हरकत नाही. त्यांनी एक स्वच्छ पेला घेतला, विहिरीचं पाणी भरलं आणि कुंपण ओलांडून मोनिकाबायकडे गेले. भट्टीचा पहिला पेला तक्रार करणाऱ्याचा असतो आणि शेवटची तक्रार त्यांची होती.

मोनिकाबाय पाणी प्यायल्या. मग त्यांनी पुढे होऊन केळीची नवी पानं उलटसुलट करून बघितली. इनासकाका उभे होते. त्या म्हणाल्या, "अजून नाही."

माझे आकडे बरोबर होते. मी ते पुन्हा तपासले होते. पण मीटर पाण्यातले क्षार सांगतो, परवानगी देत नाही. ती ज्याचं नुकसान झालं त्याने द्यायची असते. इनासकाकांनी वाद घातला नाही, माझ्याकडे वळून पाहिलंही नाही. "बरं, बाय," म्हणाले आणि रिकामा पेला घेऊन परत आले. सत्तरी ओलांडलेला, छातीत दुखणं घेऊन वावरणारा तो माणूस, जवळजवळ दोन वर्षं थांबल्यानंतर आणखी थांबायला तयार झाला. माझ्या पाहण्यात त्यांनी केलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच.

मोनिकाबायच्या वाडीत केळीचा नवा घड धरल्यानंतर एका सकाळी त्या स्वतः कुंपणाशी आल्या आणि भट्टीचा धूर कधी दिसणार, असं त्यांनी विचारलं. त्याच आठवड्यात आम्ही चूल पेटवली. त्या बिअरची चव पूर्वीच्या नावाजलेल्या बिअरपेक्षा हलकी होती आणि एक-दोघांनी ते बोलून दाखवलं. इनासकाका खूश झाले. पुढच्या पेल्याचा प्रश्न सुटला होता.

आता हा रिवाज ठरून गेला आहे. उन्हाळ्याचे महिने, म्हणजे जेव्हा मागणी सर्वांत जास्त असते, तेव्हा विहिरीवर ताण नको म्हणून भट्टी बंद असते, पंप बंद असतो. पावसाळा संपला की मी आकडे देते आणि ते पाण्याचा पेला घेऊन शेजारी जातात. गाड्या लावायला जागा नाही. लोक बसने किंवा रिक्षाने येतात आणि प्यायल्यावर तसेच जातात, जे मुळातच योग्य आहे. सावंतांच्या सोसायटीने गच्चीवरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायला सुरुवात केली आहे. त्याचे आकडे ते दर शनिवारी, कोणी विचारलं नसताना, सांगतात.

इनासकाकांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. स्तुती त्यांना मानवत नाही, हे त्यांच्या हाताखाली काम केलेल्या माझ्यासारखीला ठाऊक आहे. म्हणून मी जे पाहिलं, तेवढंच लिहिलं आहे. त्यांना आणि लुसीकाकूंना उत्तम आरोग्य लाभो. मोनिकाबाय खणखणीत राहोत. दर वर्षी पाऊस ओसरल्यावर भरलेला पेला न हिंदकळता ते कुंपण ओलांडण्याइतकं बळ इनासकाकांच्या पायांत राहो. आणि पलीकडून 'अजून नाही' असं उत्तर आलंच, तर थांबायला त्यांच्यापाशी पुढची पुष्कळ वर्षं असोत.